अकरावा प्रयोग

लालवाणींनी लॅपटॉप पुढ्यात सरकवला तेव्हा स्क्रीनवर काहीच नव्हतं. पांढरं पान आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक उभी रेघ.

"शंभर नावांची लिस्ट आहे," ते म्हणाले. "त्यातली कुठली नावं दोनदा आली, ते शोधणारा प्रोग्रॅम लिही. जी लँग्वेज येते ती घे. आरामात. घाई नाही."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये साड्यांच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर बनवायचे. पाच जण कामाला होते, सहावा हवा होता. प्रीती शंकर अहिरे, राहणार अंबरनाथ, बीएस्सी आयटी, कॉलेजात पहिली, प्रोग्रॅमिंगमध्ये शंभरपैकी एक्क्याण्णव. बायोडेटा वाचून लालवाणींनी खूश होऊन चहासुद्धा मागवला होता.

पहिल्या चार ओळी प्रीतीने झरझर टाइप केल्या. त्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर असतातच. तीन वर्षांत त्या तिने इतक्या वेळा लिहिल्या होत्या की बोटांना विचारावंही लागत नव्हतं. पाचव्या ओळीवर मात्र बोटं थांबली. हा कितवा प्रयोग? ती मनातल्या मनात जर्नलची पानं उलटायला लागली. पाचवा, सम-विषम. सातवा, फॅक्टोरियल. अकरावा, पाच अंक चढत्या क्रमाने लावणे. नावं दोनदा आलेली कुठल्याच पानावर नव्हती. जे पानावर नव्हतं ते तिच्या डोक्यातही नव्हतं.

चहावर साय धरली. पंधरा मिनिटांनी लालवाणी उठून तिच्या मागे आले, स्क्रीनवरच्या चार ओळी त्यांनी वाचल्या, आणि अगदी मायेने म्हणाले, "टायपिंग अच्छी है, बेटा."

त्यांनी अपमान केला असता तर बरं झालं असतं. जिना उतरताना, रिक्षात, अंबरनाथला घराच्या पायऱ्या चढताना ते एकच वाक्य तिच्या कानात वाजत राहिलं. तीन वर्षं, एक्क्याण्णव मार्क, मंडळाने केलेला सत्कार, नारळ, शाल. आणि हातात काय, तर टायपिंग.

घरी पप्पा पहिल्या पाळीवरून आलेले होते. शंकर अहिरे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात सव्वीस वर्षं ऑपरेटर होते. स्वतः नववीपर्यंत शिकलेले. मुलीची शेवटच्या वर्षाची मार्कशीट त्यांनी लॅमिनेट करून आणली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती काढून दाखवायचे.

"कसा झाला इंटरव्ह्यू?"

"मला काही येत नाही, पप्पा."

ते हसले. "असं वाटतं गं. पहिलाच होता ना?"

"वाटत नाही, खरंच येत नाही! प्रोग्रॅम लिहिता येत नाही मला. एकसुद्धा! पाठ करून लिहिलं मी सगळं. ते लॅमिनेशन करून आणलंत ना, ते खोटं आहे!"

ती किंचाळली तशी मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. पप्पांचं हसू गेलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तिथे तुला शिकवतायत."

ती आतल्या खोलीत गेली, पलंगाखालचं खोकं ओढलं आणि पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंगचं जर्नल काढलं.

चोवीस प्रयोग. निळ्या शाईत प्रोग्रॅम, लाल शाईत मथळे, पेन्सिलीने चौकट आखून त्यात आऊटपुट. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पानाखाली विभागप्रमुख धर्मेश भोईर सरांची लाल सही. हे जर्नल तिने कसं लिहिलं होतं ते तिला लख्ख आठवलं. वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल पुढ्यात ठेवून, बघून बघून. त्या मुलीने तिच्या वरच्या मुलीचं बघितलं होतं. लॅबमध्ये मशीन होती, पण सर म्हणायचे, आधी जर्नल पूर्ण करा, मशीनवर नंतर बसू. ते नंतर कधी आलंच नाही. परीक्षेत चिठ्ठीवर प्रयोगाचा नंबर यायचा, तो पाठ असला की झालं. बाहेरून आलेला परीक्षक जर्नलचं कव्हर बघायचा, कॅन्टीनचा वडापाव खायचा आणि मार्क देऊन जायचा.

तिला प्रचंड राग आला. सरांचा राग, कॉलेजचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण तिला हे माहीत नव्हतं असं थोडंच होतं? कुठेतरी आत माहीत होतं. पण एक्क्याण्णव मार्क मिळत असताना कोण कशाला विचारतंय!

दुसऱ्या दिवसापासून ती वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत जाऊन बसायला लागली. सकाळी साडेसहाला अभ्यासिका उघडायची. स्पर्धा परीक्षांची चार-पाच मुलं यायची, पंखा एक, खिडक्या दोन. भाऊ मुकेशचा जुना लॅपटॉप होता, त्याला चार्जर लावून ठेवावाच लागायचा, नाहीतर बंद पडायचा. तिने फुकटचे व्हिडिओ लावले. एक माणूस हैदराबादकडच्या इंग्रजीत शिकवायचा. तो टाइप करायचा, थांबायचा. ती त्याचं बघून टाइप करायची. प्रोग्रॅम चालायचा. आठवडाभर तिला फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी तिने व्हिडिओ बंद करून तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला. चार ओळी आल्या आणि हात थांबला.

"परत तेच करतेयस, मूर्ख!" ती मोठ्याने बोलली. स्पर्धा परीक्षावाल्या मुलांनी माना वर केल्या. जर्नलच्या जागी व्हिडिओ आला होता, एवढाच काय तो फरक. ती तशीच उठली, बाहेरच्या नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: बघून लिहायचं नाही. मोबाइलवर विचारलं की तयार उत्तर मिळतं, तेही घ्यायचं नाही. आधी मराठीत लिहायचं, मला काय करायचंय. मग मशीनला सांगायचं.

लालवाणींचा प्रश्न तिने वहीत मराठीत लिहिला. पहिलं नाव घे. बाकीच्या सगळ्या नावांशी जुळतंय का बघ. जुळलं तर लिहून ठेव. मग दुसरं नाव घे. वाचायला पोरखेळ वाटत होता. मशीनला तो समजावून सांगायला तिला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी प्रोग्रॅम चालेचना. दुसऱ्या दिवशी चालला, पण प्रत्येक नाव दोनदा आलंय असं म्हणायला लागला, कारण ती प्रत्येक नाव त्याच्याशीच ताडून बघत होती. हे तिचं तिला कळलं तेव्हा ती एकटीच हसली. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला स्क्रीनवर बरोबर तीन नावं आली, जी तिने मुद्दाम दोनदा टाकली होती. हैदराबादवाल्याने नाही, जर्नलने नाही. तिने.

मग तिने जर्नलच उघडलं. आता एकेक प्रयोग मशीनवर टाकायचा आणि मोडायचा. एखादी ओळ काढून टाकायची, एखादा आकडा बदलायचा, आणि काय होतं ते बघायचं. सुडाने करावं तसं ती हे काम करत होती. दहा प्रयोग असे मोडून झाले. जे तीन वर्षांत कळलं नव्हतं ते प्रोग्रॅम बिघडवताना कळायला लागलं.

अकरावा प्रयोग मोडायची वेळच आली नाही. तो मोडकाच होता.

पाच अंक द्यायचे: ४२, ७, १९, ८८, ३. प्रोग्रॅमने ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. जर्नलच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेलं आऊटपुट होतं: ३, ७, १९, ४२, ८८. मशीनवर आलं: ७, १९, ४२, ८८, ३. तीन शेवटी तसाच बसलेला.

तिला वाटलं आपलंच टाइप करताना चुकलं. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. पुन्हा चालवला. तीन शेवटी. पूर्ण दिवस ती स्वतःची चूक शोधत राहिली, कारण जर्नल चुकीचं असू शकतं हे मनात येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ती जागा सापडली. जिथे एकूण आकड्यांतून एक वजा करायचा, तिथे दोन वजा केले होते. त्यामुळे मशीन शेवटच्या आकड्यापर्यंत पोचतच नव्हतं. पहिले चार नीट लावायचं आणि पाचव्याला हात न लावता थांबायचं.

म्हणजे या प्रोग्रॅममधून ते आऊटपुट कधी आलंच नव्हतं. येऊच शकत नव्हतं. कोणीतरी ते डोक्याने लिहिलं, आणि पुढे सगळ्यांनी बघून बघून. शेजारच्या गल्लीतली विनिता त्याच कॉलेजात सात वर्षं आधी होती. तिच्याकडे जाऊन प्रीतीने तिचं जर्नल मागून आणलं. प्रयोग अकरा. दोन वजा. आऊटपुट: ३, ७, १९, ४२, ८८. खाली लाल सही, भोईर.

वर्षाला शे-सव्वाशे मुलं. एकालाही वाटलं नाही की एकदा चालवून बघावं. सही करणाऱ्यालाही नाही.

दहा महिने ती अशीच बसली. मध्ये दुपारी उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्यात ऑर्डरी टाइप करायचं काम धरलं, पण सकाळ सोडली नाही. पुढच्या जूनमध्ये कळलं की कॉलेजला तासिका तत्त्वावर शिक्षक हवाय, पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवायला. मम्मी म्हणाली, "कशाला जातेस तिथे? डोकं फिरवून घ्यायला?"

"बघायचंय मला," प्रीती म्हणाली.

कॉलेज बदलापूरला, गावाच्या पलीकडे, जिथे शेतं संपून नव्या बिल्डिंगी सुरू होतात तिथे. भोईर सर तिला बघून मनापासून खूश झाले. बदलापूर गावातच जन्मलेले, घरची जमीन असलेले, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. मुलांशी कधी वाकडं बोलले नाहीत. कोणाची फी अडकली तर स्वतः ऑफिसात जाऊन मुदत मागायचे. त्यांच्यावर रागवायचं म्हणजे तसं अवघडच होतं.

"आपली टॉपर आली," त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि कपाटातून जर्नल काढून तिच्या हातात दिलं. "चोवीस प्रयोग. दिवाळीच्या आत लिहून झाले पाहिजेत. बाकी तुला माहीतच आहे."

"सर, अकरावा चुकीचा आहे."

"हां, बघू नंतर. आधी सिलॅबस होऊ दे."

पण वर्गात प्रीतीने जर्नल उघडलंच नाही. बासष्ट मुलांना तिने लॅबमध्ये नेऊन बसवलं, पांढरं पान उघडायला लावलं आणि सांगितलं, "तुमच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी शोधायचीय. कशी शोधाल? मराठीत सांगा, हिंदीत सांगा, कशातही सांगा." काही मुलांना मजा वाटली. बऱ्याच जणांना नाही. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या बाकावरची राजसी पाटील उभी राहिली. वांगणीहून यायची, बारावीला तालुक्यात नाव आलेलं, वहीला वर्तमानपत्राचं नव्हे, खाकी कव्हर.

"मॅडम, दुसऱ्या डिव्हिजनचे आठ प्रयोग लिहून झाले. आमचा एकपण नाही. आमचे मार्क गेले तर?"

"तुला प्रोग्रॅम लिहिता आला तर मार्क कुठे जातील?"

"मार्क जर्नलला आहेत, मॅडम," राजसी म्हणाली. तिचं म्हणणं खरंच होतं.

मुलांनी मग आपापसात जर्नलं मिळवली आणि घरी लिहून टाकली. प्रीतीला ते कळलं तेव्हा ती इतकी चिडली की त्या दिवशी तास न घेता निघून गेली. आणि त्याच चिडीत तिने सप्टेंबरच्या चाचणीचा पेपर काढला. एकच प्रश्न: सोबत छापलेला जर्नलमधला प्रयोग अकरा जसाच्या तसा टाइप करा, हे पाच अंक द्या, चालवा, आणि स्क्रीनवर जे आऊटपुट दिसेल ते कागदावर लिहा.

बासष्ट मुलं, बासष्ट मशीन. ती रांगांमधून फिरत होती. प्रत्येक स्क्रीनवर दिसत होतं: ७, १९, ४२, ८८, ३. आणि स्क्रीनसमोर बसलेली मुलं कागदावर लिहीत होती: ३, ७, १९, ४२, ८८. एकसष्ट जणांनी तसंच लिहिलं. फक्त हितेश नावाच्या, कायम उशिरा येणाऱ्या मुलाने स्क्रीनवरचं लिहिलं, तेही जर्नल पाठ केलं नव्हतं म्हणून.

राजसी तर स्क्रीनकडे बघून थबकली होती. प्रीतीने ते पाहिलं. राजसीने दोनदा प्रोग्रॅम चालवला, पेन उचललं, क्षणभर धरून ठेवलं, आणि मग जर्नलातलं लिहून टाकलं.

प्रीतीने हितेशला वीसपैकी वीस दिले आणि एकसष्ट जणांना शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात रणकंदन. मुलं ऑफिसबाहेर, तीन-चार पालक प्राचार्यांच्या दारात. राजसी लॅबमध्ये आली ती डोळे लाल करून.

"मॅडम, जर्नलमध्ये तसंच आहे!"

"आणि स्क्रीनवर?"

"स्क्रीनवर वेगळं होतं, बघितलं मी. मला वाटलं माझं चुकलं."

"मग तसं लिहायचं. जे दिसलं ते लिहायचं. जे दिसत नाही ते कशाला लिहिलंस?"

"कारण तुम्ही लोक त्याचे मार्क देता!" राजसी ओरडली. "शाळेपासून देता. आज अचानक तुम्हाला खरं पाहिजे. आधी सांगायचं होतं ना! वर्षानुवर्षं एक सांगायचं आणि एका दिवशी शून्य द्यायचं. तुम्ही स्वतः टॉपर होता ना इथल्या? तुम्ही काय लिहिलं होतं अकराव्याला?"

राजसी दार आपटून गेली. तेवढ्यात शिपाई सांगत आला, भोईर सरांनी बोलावलंय.

सर केबिनमध्ये एकटेच होते. समोर मार्कांची यादी.

"हे काय केलंस, प्रीती? प्राचार्य मला विचारतायत. पालक वर्तमानपत्रात जातो म्हणतायत. सगळ्यांना पंधराच्या वर टाक आणि विषय संपव."

"कसे टाकू? एकसष्ट जण स्क्रीनसमोर बसून खोटं लिहितात, सर."

"मुलं आहेत ती."

"मुलं नाही, आपण. आपण शिकवलं त्यांना असं."

"हे बघ, तू नवीन आहेस. सगळीकडे असंच चालतं."

तिने काखेतला लॅपटॉप टेबलावर ठेवला, उघडला, अकरावा प्रयोग स्क्रीनवर आणला आणि सरांच्या बाजूला वळवला. "यातली चूक दाखवा, सर. दुरुस्त करून द्या. मी आत्ता, इथे बसून सगळ्यांचे मार्क बदलते."

सरांनी चष्मा लावला. स्क्रीनकडे बघितलं. बोट एका ओळीवर नेलं, मग दुसऱ्या. एकदा खाकरले. बाहेर पालकांचा आवाज चढत होता. प्रीती उभी होती. दोन मिनिटं गेली असतील. मग सरांनी चष्मा काढला, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

"मना नाय येत," ते म्हणाले. अठरा-एकोणीस वर्षांत कॉलेजच्या आवारात कोणी त्यांच्या तोंडून घरची बोली ऐकली नव्हती. मग सावरून म्हणाले, "मला येत नाही, प्रीती. मी गणिताचा माणूस. कॉम्प्युटरचा विभाग काढला तेव्हा मला म्हणाले, तुम्ही बघा. आधीच्या सरांनी जर्नल दिलं. मी तेच दिलं. रोज वाटायचं, या सुट्टीत शिकेन. मग विभागप्रमुख झालो. आता कोणाला विचारायचं? कुठल्या तोंडाने? बावन्न वय आहे माझं."

एक वर्ष ती याच क्षणाची वाट बघत होती. मनात कितीदा तरी तिने हे भांडण केलं होतं आणि जिंकलं होतं. आता समोरचा माणूस हरून बसला होता आणि राग मात्र तसूभरही कमी होत नव्हता. उलट चढत होता. दया येऊन तो विझला असता तर ती सुटली असती.

"सर, माझे पप्पा नववी शिकलेत," ती म्हणाली. "त्यांनी डबल पाळ्या करून मला इथे पाठवलं. ते मला म्हणाले, मला वाटलं तिथे तुला शिकवतायत. मी दहा महिने एका पंख्याखाली, मोडक्या लॅपटॉपवर बसून शिकले. मला कोणी सांगायला नव्हतं. तुमच्याकडे एकोणीस वर्षं होती, एसी लॅब होती, साठ-पासष्ट मशीन होती. रोज एक तास बसला असतात तर झालं असतं. येत नाही याचा राग नाही मला. मलाही येत नव्हतं. तुम्ही सही केलीत, याचा राग आहे. प्रत्येक पानावर केलीत."

सरांनी समोरची यादी सरळ केली. "तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मार्क बदलावे लागतील."

तिने बदलले नाहीत. दुपारी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. तिच्या जागी दुसऱ्या डिव्हिजनचे शिक्षक आले, पेपर नव्याने तपासले गेले आणि एकसष्ट जणांना अठरा-अठरा मिळाले. हितेशचे वीसचे चौदा झाले, कारण त्याचं आऊटपुट जर्नलशी जुळत नव्हतं.

हे तिला राजसीनेच सांगितलं. ऑक्टोबरात एका रविवारी ती अभ्यासिकेत येऊन उभी राहिली. पत्ता कुठून काढला कोण जाणे. माफी मागायला आली असेल असं प्रीतीला वाटलं, पण तसं काही नव्हतं.

"तुम्ही निघून गेलात," राजसी म्हणाली. "आमचं डोकं फिरवलंत आणि गेलात. आता मला जर्नल लिहवत नाही. एक पान लिहायला घेतलं की वाटतं, हे चालतं तरी का? चालवून बघावं लागतं. सगळ्यांचं झालं, माझं राहिलं."

"मग?"

"मग काय? सतरावा पण चुकलाय."

"सतरावा बरोबर आहे," प्रीती म्हणाली. "मी स्वतः तपासलाय."

"लहान अंकांना बरोबर आहे. मोठे दिले की उत्तर दिलेल्या जागेत मावत नाही, उणे येतं. बघा."

प्रीतीने बघितलं. उत्तर खरंच उणे आलं. तिने तो प्रयोग मोडला होता, जोडला होता, आणि मोठा आकडा देऊन बघायचं तिला सुचलंच नव्हतं. वाद घालायला तोंड उघडलं आणि तिने ते मिटलं. "बस," ती म्हणाली.

त्या दिवसापासून राजसी दर रविवारी यायला लागली. सोबत दोघी-तिघी आणायची, त्या चार आठवड्यांत गळायच्या. हितेश एकदा आला, परत आला नाही. दोघी मिळून चोवीस प्रयोग तपासत होत्या. चूक सापडली की प्रीती समजावून सांगायची नाही, राजसी विचारायचीही नाही. आधी दोघी आपापल्या वहीत लिहायच्या आणि मग भांडायच्या. भांडताना आवाज चढायचे. स्पर्धा परीक्षावाल्यांनी विश्वस्तांकडे तक्रार केली, तेव्हा या दोघींना बाहेरच्या व्हरांड्यात जागा मिळाली. नोव्हेंबरात प्रीतीला ठाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथे मार्कशीट कोणी मागितली नाही. अडीच तास मशीनवर बसवलं आणि तीन प्रश्न दिले. दोन तिने सोडवले, तिसऱ्यात कुठे अडकली ते लिहून दिलं. पप्पांनी पेढे वाटले. या वेळी लॅमिनेट करायला कागद नव्हता, म्हणून ते जरा हिरमुसले.

डिसेंबरात राजसी आली ती पिशवीतून जर्नल काढतच.

"अकरावा मी दोनदा लिहिला," ती म्हणाली. "आधी जसाच्या तसा. त्याखाली खरं आऊटपुट, सात, एकोणीस, बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी, तीन. त्याखाली लिहिलं, प्रोग्रॅम चुकीचा आहे, कारण अमुक. मग दुरुस्त केलेला. भोईर सर म्हणाले, पान फाडून परत लिही, असं जर्नल परीक्षकाला दाखवता येणार नाही. मी म्हटलं, नाही फाडणार. दोन दिवस त्यांनी जर्नल ठेवून घेतलं. काल परत दिलं."

तिने पान उघडून पुढे केलं. दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमच्या खाली लाल शाईत सही होती. भोईर. आणि बाजूला, दोन वजा होते त्या ओळीवर, पेन्सिलीची एक बारीक खूण. कोणीतरी तिथे बराच वेळ पेन्सिल टेकवून बसल्यासारखी.

राजसीचा चेहरा फुलला होता. "केली ना सही?"

प्रीतीने ती खूण पाहिली. पान मिटलं. काहीतरी चांगलं बोलावं असं तिलाही वाटलं, पण जे आलं ते वेगळंच आलं.

"तुझ्या जर्नलवर केली," ती म्हणाली. "बाकीच्या एकसष्टांचं काय? त्यांच्या आऊटपुटमध्ये तीन कुठे आहे?"

राजसीचं हसू मावळलं. "पहिला," ती म्हणाली. "त्यांच्यावर पण केलीय. त्याच दिवशी."

समोरच्या नळावर बायका कळशा भरत होत्या, त्यांची कसली तरी चढाओढ चालली होती.

"बाकीच्यांची जर्नलं मिळतील?" प्रीतीने विचारलं.

"कशाला?"

"सगळीच्या सगळी नकोत. पाच-सहा पुरे. फोटो काढायचे. चोवीसपैकी सात चुकलेत, ते सात, त्याखालच्या सह्या, आणि आपण चालवून बघितलेलं आऊटपुट. विद्यापीठाला पाठवायचं. माझ्या नावाने."

"तुमच्याच नावाने का?" राजसी ताडकन म्हणाली. "सतरावा मी शोधला होता." तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पांढरं पान उघडलं.